हिरवं लुगडं घेऊन डोंगरापल्याड

सकाळी आठच्या सुमारास आम्ही घणसोली गावातून निघालो तेव्हा बाळाराम नानांच्या हातात छत्री होती आणि माझ्या काखेत, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं, नवं कोरं हिरवं लुगडं. नाना म्हणजे माझे घरमालक. लुगडं त्यांच्या थोरल्या बहिणीसाठी होतं, आणि ती बहीण, पदीबाय, त्याच पहाटे डोंगरापल्याडच्या आंबेशेत गावात वारली होती. डोंगर चढून, पठार ओलांडून, पलीकडे उतरून, तिला उचलायच्या आत ते लुगडं तिच्या अंगावर घालायचं होतं. बारापर्यंत थांबतो, असा निरोप होता.

नव्वदीच्या दशकाच्या अखेरची ही गोष्ट. आपल्या घाटावरच्या मंडळींना नवी मुंबई म्हटलं की नुसत्या इमारती डोळ्यांसमोर येतात. "तिथं कसले आलेत डोंगर?" असं मला पाटणच्या एस.टी. स्टँडवर किती जणांनी ऐकवलंय. मी तेव्हा वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात तोलणार (माल तोलून देणारा) होतो. सहा दिवस काट्यासमोर उभं राहायचं आणि सातव्या दिवशी पाय मोकळे करायचे. सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या सपाट माळाला आपण सडा म्हणतो, तो) जन्मलेल्या माणसाला खाडीकाठी करमत नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी मी बेलापूरचा डोंगर पालथा घातला होता, खारघरच्या पठारावर दोनदा जाऊन आलो होतो, पारसिकच्या रांगेवरून मुंब्र्याच्या अंगाला उतरलो होतो. राहिली होती ती एकच वाट, घणसोलीहून गवळीदेवावरून सरळ पलीकडे जाणारी. ती नानांना ठाऊक होती. जवानीत ते सुकी मासळी आणि मीठ डोक्यावर घेऊन त्या वाटेनं पलीकडच्या गावांत जायचे. दीड तासात पोचायचो, असं सांगायचे. वर्षभर मी त्यांच्या मागे भुणभुण लावली होती की एकदा दाखवा. ते म्हणत, तुम्ही घाटी लोक डोंगर दिसला की येडे होता, दाखवीन कवातरी.

दाखवली ती अशी.

निरोप्या सातच्या आधीच स्कूटरवरून आला होता. अजून कोपरखैरण्याला आणि वाशी गावात सांगायचं होतं त्याला. येताना नानांना मागे बसवून घेऊन जातो म्हणाला. नानांनी मान डोलावली. रडले नाहीत. आत जाऊन इस्त्रीचा सदरा घातला आणि नाक्यावरच्या कापडवाल्याला उठवून अर्धं शटर वर करायला लावलं. सवाष्ण बाई गेली होती, नवरा हयात होता, म्हणून हिरवं. बाई मेली की शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, हे आपल्याकडेही आहे; ते आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. आगरी घरांतही (आगरी म्हणजे इथले मूळचे, भातशेती आणि मिठागरं करणारे) तोच रिवाज. नानांच्या घरात त्यावर आणखी एक होतं, की दुकानातून निघालेलं लुगडं वाटेत कुठंही जमिनीला टेकवायचं नाही.

दुकानातून परत आल्यावर नाना ओट्यावर उभे राहिले आणि मला म्हणाले, "रस्त्यानं जावं का डोंगरानं? आय गेली तवा मामा डोंगरानंच आलता."

खरं तर त्यांना स्कूटरवाल्याची वाट बघायची नव्हती. हमरस्त्यावर उभं राहिलं की सगळं गाव विचारणार, नाना कुठं निघालात, आणि सांगितल्यावर प्रत्येकाला आठवणार की हा माणूस आठ वर्षांत बहिणीच्या दारी गेलेला नाही. हे मला तेव्हाही कळत होतं. त्यांचा गुडघा दुखरा आहे, हेही माहीत होतं. शहाण्या माणसानं काय सांगितलं असतं? मी सांगितलं, "डोंगरानं जाऊ नाना. मी आहे की बरोबर."

लोभ सुटला होता मला त्या वाटेचा. दुसरं काही नाही. आज इतक्या वर्षांनी ते लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल.

नानांच्या दोन्ही मुलांनी यायला नकार दिला. मामाच्या घरानं काय दिलंय, असं आतेभावांनी म्हटलेलं त्यांना लागलेलं होतं. तेव्हा आम्ही दोघंच.

गाव मागे पडलं, ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडला आणि कारखान्यांचा पट्टा सुरू झाला. भाद्रपद लागायला आठवडा होता. पाऊस असा काही पडत नव्हता आणि थांबतही नव्हता. चाळणीतून गाळल्यासारखा अंगावर बसत होता. कारखान्यांच्या भिंतीकडेनं एक नाला वाहत होता, त्याचं पाणी हळदीसारखं पिवळं होतं आणि वासानं डोकं उठत होतं. नाना म्हणाले, इथं त्यांचं भाताचं खाचर होतं. कुठंसं म्हणून त्यांनी हात केला तर तिथं गंजलेल्या पिंपांची रास. मी नुसतं हं म्हटलं.

चढ लागला तसं बरं वाटलं. साग, ऐन, कुडा, खाली लालसर निसरडी माती आणि दगडातून दगडात उड्या मारणारं पाणी. वाट जुनी होती यात शंका नव्हती. जिथं खडक होता तिथं हजारो पावलांनी तो गुळगुळीत झालेला, वळणावळणावर कुणीतरी पूर्वी दगड लावून पायऱ्या केलेल्या. सह्याद्रीच्या धारेवरच्या घाटवाटा मी पुष्कळ चाललोय, पण ही लहानखुरी वाट त्यांच्या तोडीची होती. मला आनंद झाला. मयताला निघालेल्या माणसाला आनंद झाला, आणि तो मी लपवत होतो. नाना पुढे, मी मागे. दर पन्नास पावलांवर ते गुडघ्यावर हात ठेवून थांबत, आणि मी काखेतली पिशवी या हातातून त्या हातात घेत असे.

गवळीदेवापाशी बसलो. गुराख्यांचा देव, शेंदूर फासलेले दोन दगड आणि शेजारी धबधबा. खाली बघितलं तर खाडी, खारफुटीचा काळपट पट्टा, आणि त्यामागे अर्ध्या बांधलेल्या इमारती, सगळं राखेत बुडवून काढल्यासारखं. मी रुमालातून भाकरी आणि लसणाची चटणी काढली. नानांनी तोंडात पाणीसुद्धा घेतलं नाही. लुगडं अंगावर घातल्याशिवाय घास नाही म्हणाले. मग मीही भाकरी तशीच परत बांधली.

तिथंच त्यांनी आठ वर्षांचं काय ते सांगितलं. मी विचारलं नव्हतं. सरकारनं नव्या शहरासाठी जमिनी घेतल्या तेव्हा सगळ्यांच्याच गेल्या. पुढे मूळ मालकांना गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचे प्लॉट मिळायला लागले. नानांचा प्लॉट नावावर व्हायचा तर बहिणीनं हक्क सोडल्याचा अंगठा हवा होता. ते याच वाटेनं पदीबायकडे गेले. तिनं कागद काय आहे तेही विचारलं नाही. घरात कुणी नसताना अंगठा दिला, आणि वर तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण खाऊ घातलं. पुढं तिच्या मुलांना कळलं. नाना त्या वर्षीच्या भाऊबीजेला गेले तर थोरल्या भाच्यानं उंबऱ्यातच विचारलं की आता अजून कशावर अंगठा पाहिजे. नाना तिथूनच फिरले. पदीबाय आतून हाका मारत होती म्हणे.

"मी वलून नाय बगितलं," नाना म्हणाले. "मना वाटलं, पुढच्या साली जाईन."

पुढच्या साली प्लॉटवर घर उभं राहिलं. मी ज्या खोलीत भाड्यानं राहत होतो ती त्याच घरातली. मग बहिणीच्या दारात उभं राहायला तोंड राहिलं नाही. लहानपणी हिनं मला कडेवर घेऊन मिठागरावर हिंडवलंय, असं नाना सांगत होते, आणि बोलता बोलता मध्येच उठून चालायला लागले. मी पिशवी उचलली. उचलली म्हणजे मांडीवरून. जमिनीला टेकवली नव्हती.

दहा वाजत आले होते. दीड तासाची वाट निम्मी झाली नव्हती. नाना ज्या वयाचं बोलत होते त्या वयात ते आता नव्हते. इतकी साधी गोष्ट मी ध्यानात धरलीच नव्हती.

वर आलो आणि धुकं आलं. पठार काही आपल्या सड्याएवढं मोठं नाही. उन्हाच्या दिवशी या टोकाची गाय त्या टोकावरून दिसेल. पण धुक्यात पठार केवढं आहे याला काही अर्थ राहत नाही. गुडघाभर गवत, तेरड्याची गुलाबी फुलं, पायाखाली पाणथळ, आणि पाच पावलांपुढं काही नाही. वारा नाही, पाखरू नाही. वाट गवतात शिरली आणि तिथंच संपली. नाना म्हणायचे अशी जा, मी म्हणायचो तशी. एकदा मी पुढे होऊन ऐटीत ओढ्यावरून उडी मारली आणि कमरेपर्यंत चिखलात गेलो. पिशवी तेवढी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली. नानांनी आधी पिशवी घेतली, मग मला हात दिला. त्याचं मला काही वाटलं नाही, तेच बरोबर होतं.

फिरून फिरून तासाभरानं आम्ही परत त्याच ओढ्याशी आलो. चिखलात माझ्या बुटाचा ठसा होता. मी नानांकडे बघायचं टाळलं.

तेव्हा शेळ्यांच्या गळ्यातली घंटा ऐकू आली. डोक्यावर इरलं (पानांचं पावसाळी पांघरूण) घेतलेली एक बाई धुक्यातून पुढं आली. डोंगरावरच्या आदिवासी पाड्यातली होती. ओच्यात कंटोली (काटेरी रानभाजी) गोळा केलेली. आंबेशेतची वाट विचारली तर तिनं आमच्याकडे, मग पिशवीकडे बघितलं. तिला कळलं असावं.

"ती वाट नाय राह्यली बाबा," ती म्हणाली. "खान लागलीय तिकरं. फिरून जावा, सोंडेवरून."

सोंडेवरून म्हणजे उत्तरेकडून मोठा वळसा, दीड-दोन तासांचा. नानांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. वाट कशी राहणार नाही, जन्मभर मी इथून गेलोय, असं म्हणाले. बाई खोटं बोलतेय असं त्यांना वाटलं नव्हतं. पण वाट नाहीशी होते हे त्यांच्या डोक्यात बसत नव्हतं. घर पडतं, झाड पडतं. वाट कुठं जाईल? आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटलं नाही. सड्यावरच्या माणसाला असलं कोण पटवणार. बाई अजून उभी होती. तिनं फक्त पूर्वेकडे हात करून दिशा दाखवली आणि कडेकडेनं जा म्हणाली.

तिच्या हाताच्या दिशेनं गेलो आणि वाट खरंच सापडली. तेच लावलेले दगड, तोच गुळगुळीत खडक. नाना पाय ओढत का होईना, भराभर चालायला लागले. साडेअकरा झाले होते. आता उतार, मग आंब्याची राई, मग गाव, असं ते मोजत होते. एका खडकाला वळसा घातला. पुढं चार पायऱ्या होत्या, नीट लावलेल्या. पाचवी नव्हती. तिथून पुढं डोंगरच नव्हता.

कापलेल्या कलिंगडासारखा तो कडा सरळ खाली गेला होता, शंभर-दीडशे हात. तळाशी खाणीत पाणी साचलेलं, हिरवट, हालचाल नसलेलं. पावसाळ्यामुळे खडीचं मशीन बंद होतं. नाना चौथ्या पायरीवर उभे होते. मी त्यांच्या सदऱ्याला मागून धरलं.

धुकं तेवढ्यात खालून फाटलं आणि आंबेशेत दिसलं. पंचवीस-तीस कौलारू घरं, एक रस्ता, आणि त्या रस्त्यानं चाललेली माणसं, पन्नासेक असतील. पुढं मडकं धरलेला एक जण. मधे तिरडी. आणि तिरडीवर हिरवं.

"लुगडं घातलंय," नाना म्हणाले. "कोनी घातलं?"

बारा वाजायला वीस मिनिटं होती. मी घड्याळ दाखवलं नाही.

नानांनी हाक मारली. ती समोरच्या कड्यावर आपटून आमच्याकडेच आली. मग त्यांनी माझ्या हातातली पिशवी ओढून घेतली, फाडली, आणि ते नऊवार लुगडं उलगडून दोन्ही हातांनी वर धरलं, हलवलं. मी दुसरं टोक धरलं नसतं तर वाऱ्यानं गेलं असतं. कड्याच्या टोकावर दोन पुरुष लुगडं धरून उभे, आणि खाली ती माणसं मान खाली घालून चाललेली. मयताच्या मागं चालणारा माणूस वर बघत नाही. एकानंही बघितलं नाही. रस्ता वळला, झाडं आड आली, तिरडी गेली.

थोड्या वेळानं झाडांमागून धूर वर आला. ओल्या लाकडांचा होता, जड, वर चढत नव्हता.

नाना रडले ते तिथं. मोठ्यानं, लहान मुलासारखे. मग आम्ही दोघांनी ते लुगडं घडी घातलं. आधी लांबीनं, मग आडवं, मग परत. काठाला चिखल लागला होता. जमिनीला टेकलं होतं की नाही ते मी विचारलं नाही आणि तेही बोलले नाहीत.

सोंडेवरून उतरेपर्यंत नाना रागानं धुमसत होते. दुःखापेक्षा राग बरा, त्यानं पाय तरी चालतात. माहेरचा माणूस जिवंत असताना परक्याचं लुगडं घालून उचललं, बाराची वेळ दिली आणि आधीच काढलं, सगळ्या गावासमोर जाब विचारतो, असं ते वाटभर म्हणत होते. मी हो हो करत होतो. मला त्यांचा राग पटत होता आणि भीतीही वाटत होती.

गावात पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. मंडळी स्मशानातून परतून अंगणात बसली होती. दारात पाण्याची घागर आणि लिंबाचा पाला. आम्हाला बघून थोरली सून पुढं आली. सुनंदा नाव तिचं. तिशीतली, रडून डोळे सुजलेले. नानांनी तिला कधी बघितलं नव्हतं, त्यांचं येणं तुटल्यावर लग्न झालेलं. मामा ना, असं विचारून तिनं आम्हाला पाय धुवायला म्हणून घरामागं, विहिरीकडं नेलं. नाना जाब विचारायच्या तयारीतच होते. तिनं त्यांना तोंड उघडू दिलं नाही.

"मामा, आत जाऊन काय बोलू नका," ती हळू आवाजात म्हणाली. "ते लुगडं आयनं सवता घेतलं. दोन वर्सं झाली. मीच गेल्ते तिच्यासंगं ठान्याला. पेटीत ठेवलं नि मना सांगितलं, मी गेले की काढ, कोनी इचारलं तर माज्या भावानं देऊन ठेवलंय म्हन. मी सकाली तेच सांगितलं."

नाना विहिरीच्या कठड्याला धरून उभे राहिले.

मग तिनं उरलेलं सांगितलं. माहेरचं लुगडं घरातच आहे म्हटल्यावर लोक म्हणाले, मग थांबायचं कशाला, पावसाची उघडीप आहे तोवर उरकून घ्या. म्हणून आधी काढलं. मामा येणार आहेत असं तिनं दोनदा सांगून बघितलं, पण सुनेचं कोण ऐकतंय. ती सांगत असताना तिचं लक्ष नानांच्या काखेतल्या हिरव्या घडीकडं गेलं. विहिरीचं पाणी काढून तिनं त्यांच्या पायांवर घातलं.

माझ्या मनात तेव्हा जे आलं ते सांगतो. नाना रस्त्यानं आले असते, स्कूटरवरून, तर साडेनऊला दारात असते. पेटी उघडायच्या आत.

नाना ते लुगडं माझ्या हातात देऊन आत गेले. मी त्यांच्या मागं, चिखलाची पँट घालून, घडी पाठीमागं लपवून, दाराशीच थांबलो. जिथं पदीबायनं प्राण सोडला तिथं दिवा लावून भोवती पीठ पसरलेलं होतं. भिंतीला टेकून तिचा म्हातारा नवरा बसला होता. शेजारी चार-पाच बायका. एक जण दुसरीला सांगत होती की भावानं दोन वर्षं आधी लुगडं धाडून ठेवलं होतं, असा भाऊ मिळायला नशीब लागतं. ज्या भाच्यानं उंबऱ्यात विचारलं होतं तो उठला आणि त्यानं मामाला बसायला घोंगडी दिली. त्याच्या तोंडावर ओशाळलेपण होतं. इतकी वर्षं आपण मामाला वाईट समजलो, असं त्याला वाटत असावं.

म्हाताऱ्यानं नानांचा हात धरला.

"बालाराम, तुजं लुगडं तिला शोबून दिसलं रे," तो म्हणाला.

नाना त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता हा माणूस सांगून टाकणार. सांगितलं असतं तर त्यांचं मन हलकं झालं असतं, आणि पदीबाय सगळ्या गावात खोटी पडली असती.

"हां दाजी," नाना म्हणाले.

मेलेल्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारच्या घरातून कडू घास आला (अंत्यविधीनंतरचं पहिलं जेवण): भात, मुगाची आमटी, दुसरं काही नाही. नाना जेवले. प्रत्येक घासाला त्यांना कुणीतरी वाढत होतं, माहेरचा माणूस म्हणून. मी माझा भात संपवला आणि पान उचललं. त्या आमटीला मीठ होतं का नव्हतं, आठवत नाही.

निघताना सुनंदानं मला एक जाड पिशवी आणून दिली. ओलं होईल म्हणाली. लुगडं परत कसं नेणार, इथंच ठेवू का, असं मी डोळ्यांनीच विचारलं. तिनं मान हलवली. घरात दोन लुगडी दिसली तर लोक विचारतील.

गावातून एक रिक्षा मिळाली. महाप्याच्या रस्त्यानं, खड्डे चुकवत, पाऊण तासात आम्ही घणसोलीच्या नाक्यावर होतो. पाऊण तास. डोंगर उजव्या हाताला धुक्यात होता आणि मी तिकडं बघितलं नाही. मी खूप डोंगर चाललोय, पुढंही चाललो. वाटा माणसाच्या असतात, असं मी पूर्वी मोठ्या तोऱ्यात सांगायचो. त्या दिवशी मला वाट हवी होती आणि नानांना बहीण हवी होती, आणि मी माझं साधून घ्यायला बघितलं. ते काही भरून निघालं नाही. नानांनी मला त्यावरून एका शब्दानं कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

घरी दारात त्यांच्या सुनेनं पाय धुवायला पाणी आणलं. माझ्या हातातल्या पिशवीकडं तिचं लक्ष गेलं नाही. दिवेलागण झाली होती, दोन्ही मुलं ओट्यावर येऊन उभी होती. सकाळी यायला नाही म्हणाली होती, पण चेहरे काळजीचे होते. धाकट्यानं विचारलं, वेळेवर पोचलात ना?

"पोचलू," नाना म्हणाले. "लुगडं घातलं."

मुलानं माझ्याकडं बघितलं.

"हो," मी म्हणालो.